वाचकांचे प्रश्न : शाळेच्या अडगळीतला प्रोजेक्टर

प्रश्न : मी ठाण्यातील एका शाळेत प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून काम करून निवृत्त झालो असून नौपाड्यात राहतो. शाळेची जुनी इमारत रिकामी करताना अडगळीच्या खोलीत १६ मिलिमीटरचा अमेरिकन बनावटीचा बोलपट प्रोजेक्टर सापडला. भंगारवाला तो वजनकाट्यावर ठेवू लागला, तेव्हा मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी तो घरी आणला, कारण शनिवारी मुलांना माहितीपट दाखवण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडेच होते. पाटीवर ‘११० व्होल्ट, ६० सायकल’ आणि दिव्यावर ‘७५० वॅट’ असे लिहिले आहे. सोबतचा ट्रान्सफॉर्मर मात्र हरवला आहे. मागचे झाकण काढले असता आतले एक पेचदार प्लास्टिकचे चाक लांबीभर तडकलेले दिसले, एक रबरी पट्टा डांबरासारखा चिकट झाला आहे आणि दिव्याची तार तुटली आहे. एका दुरुस्ती करणाऱ्याने यंत्र दोन महिने ठेवून घेतले आणि ‘पार्ट मिळत नाही’ एवढेच सांगून परत केले. स्नेहसंमेलनाचे एक ४०० फुटी रीळही माझ्याजवळ आहे. डबा उघडला की आंबूस वास येतो. यंत्र पुन्हा चालेल का, भाग कुठे मिळतील आणि ते रीळ लावावे का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण यंत्राचा भाग पुन्हा घडवता येतो, रीळ पुन्हा घडवता येत नाही.

आंबूस वास हा व्हिनेगरचा, म्हणजे ॲसिटिक आम्लाचा आहे. आपली फिल्म ॲसिटेटच्या पट्टीवर आहे आणि उष्ण, दमट हवेत ॲसिटेटचे विघटन होऊन हे आम्ल सुटते; सुटलेले आम्ल पुढच्या विघटनाला आणखी वेग देते, आणि ठाण्याच्या पावसाळ्याइतकी अनुकूल हवा त्याला क्वचितच मिळत असेल. पेट घेण्याची भीती मात्र बाळगू नये. १६ मिलिमीटरची फिल्म कोडॅकने १९२३ मध्ये बाजारात आणली ती घरगुती वापरासाठी, आणि म्हणूनच सुरुवातीपासून सुरक्षित पट्टीवर. चटकन पेटणारी नायट्रेटची पट्टी ३५ मिलिमीटरच्या जुन्या फिल्ममध्ये असे. आपल्या रिळाचा धोका वेगळा आहे. विघटन होताना पट्टी आकसते, आकसलेल्या पट्टीची छिद्रे प्रोजेक्टरच्या दातांशी जुळत नाहीत आणि मग छिद्रे फाटत जातात. हे आधी तपासण्याची सोय घरच्या घरी आहे. एक मीटरची पोलादी पट्टी टेबलावर ठेवा, तिच्या बाजूला फिल्म ओढाताण न करता सपाट पसरा आणि एका छिद्राच्या कडेपासून पुढच्या शंभराव्या छिद्राच्या त्याच कडेपर्यंत अंतर मोजा. ताज्या फिल्ममध्ये ते ७६२ मिलिमीटर भरते. आपल्या रिळात ते ७५५ च्या खाली आले असेल, तर पट्टी सुमारे एक टक्का आकसली आहे आणि ती कोणत्याही प्रोजेक्टरमध्ये घालू नये, यंत्र कितीही उत्तम दुरुस्त झाले तरी. अशा रिळासाठी दाते नसलेल्या, केवळ रुळांवर फिल्म फिरवणाऱ्या स्कॅनरवर नक्कल करून देणाऱ्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. अकरा मिनिटांचे रीळ आहे, आधी ते काम करून घ्या. तोपर्यंत रीळ इतर फिल्मपासून वेगळे, आडवे आणि घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या जागी ठेवावे.

आता यंत्राकडे वळू. ‘पार्ट मिळत नाही’ हे उत्तर खोटे नसते, पण अपुरे असते. यंत्राचे आणि भागाचे नाव सांगून दुकानात गेले तर तो भाग खरोखरच मिळत नाही, कारण या यंत्रांचे उत्पादन थांबून पुष्कळ वर्षे झाली. तोच भाग मापाने मागितला तर बहुतेक वेळा मिळतो किंवा करून मिळतो. पट्टा हा पट्टा असतो, बेअरिंग हे बेअरिंग असते. ते प्रोजेक्टरमध्ये बसणार आहे की शिलाई यंत्रात, याच्याशी विकणाऱ्याला कर्तव्य नसते. त्यामुळे दुरुस्तीचा पहिला खर्च व्हर्नियर कॅलिपरवर आणि एका वहीवर करावा, आणि प्रत्येक भाग काढण्यापूर्वी बाजूला पट्टी ठेवून त्याचे छायाचित्र घ्यावे.

यंत्राला वीज मात्र एवढ्यात देऊ नये. अनेक वर्षे पडून राहिलेल्या यंत्रातले तेल आणि ग्रीस घट्ट होऊन मेणासारखे बसते. अशा स्थितीत मोटर फिरली की तिचा सगळा जोर तडकलेल्या चाकावर येतो. बाजूची हाताने फिरवायची मूठ हळूहळू फिरवून यंत्र कुठे अडते ते पाहा. घट्ट झालेले ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने काढावे. रॉकेलने ते लवकर निघते, पण मागे तेलकट थर राहतो आणि प्लास्टिकवर त्याचा भरवसा धरता येत नाही. नंतर बेअरिंगांना शिलाई यंत्राच्या तेलाचे एकेकच थेंब. आत तेल धरून ठेवणाऱ्या लोकरी वाती असतील तर त्याही भिजवाव्यात, कारण कोरड्या वातीमुळे शाफ्ट झिजलेली यंत्रे मी पाहिली आहेत. खोबरेल तेल वापरलेले एक यंत्रही पाहिले आहे. डिसेंबरात ते फिरेना, कारण तेल थिजले होते!

तडकलेल्या चाकाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या दुरुस्तीचे यश त्यावरच आहे. कारागीर त्याला ‘वर्म’ म्हणतात. बनावटीचे नाव आपण कळवले होते, ते इथे मुद्दाम दिलेले नाही, कारण हा दोष एकाच कंपनीपुरता नाही: पोलादी शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेले प्लास्टिक वर्षानुवर्षे आकसत जाते, शाफ्ट आकसत नाही, आणि एक दिवस चाक लांबीच्या दिशेने तडकते. परदेशातील काही छोटे कारागीर प्रचलित यंत्रांसाठी नवे वर्म तयार करून विकतात आणि आपल्या यंत्राचे मिळत असेल तर सीमाशुल्क भरूनही तेच सोयीचे पडेल. न मिळाल्यास वागळे इस्टेट किंवा तुर्भे, महापे, रबाळे या पट्ट्यातल्या गिअर कापणाऱ्या कारखान्यात ते करून घेता येते. मात्र तिथे नमुना म्हणून तडकलेले चाक तसेच देऊ नये. तडकल्यामुळे चाक उघडलेले असते, त्यामुळे त्याच्या भोकाचे माप मोठे येते. भोकाचे माप शाफ्टवरून घ्या. बाहेरचा व्यास घेताना चाक दोऱ्याने आवळून तडा मिटवा. पेचांमधले अंतर तड्याच्या विरुद्ध बाजूला, एका पेचाचे न मोजता चार पेचांचे मोजून चाराने भागा. पेच उजवा की डावा आणि धारा (म्हणजे शेजारी-शेजारी चालणारे स्वतंत्र पेच) किती, हे ओळखण्याचा सोपा उपाय असा की चाकाला शिक्क्याच्या पॅडची शाई लावून ते कोऱ्या कागदावर एक फेरी सरळ लाटावे. कागदावर तिरक्या रेघा उमटतात, त्यांचा कल आणि संख्या पाहून कारागिराला सगळे कळते. तो कागद वहीत चिकटवून ठेवा.

चाक डेलरिन या कठीण प्लास्टिकचे करून घ्यावे. नायलॉन हवेतला ओलावा शोषून फुगते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओलाव्याला तोटा नसतो. भोक शाफ्टवर ठोकून बसेल इतके घट्ट ठेवू नका, नाहीतर जुन्या चाकाचीच कथा पुन्हा घडेल. बोटाने सरकेल असे बसवून बारीक स्क्रूने आवळण्याची तजवीज ठेवा. एकाच नगाचे काम घ्यायला कारखानदार नाखूश असतात, तेव्हा तीन नग सांगावेत. कारखान्यातले यंत्र जुळवण्याची मजुरी तेवढीच लागते आणि दोन नग पुढच्यासाठी उरतात. थ्री-डी प्रिंटरवर केलेले चाक माप पडताळण्यासाठी उत्तम, पण नेहमीच्या पी.एल.ए. प्लास्टिकचे असेल तर चालवण्यासाठी नको, कारण ते साधारण ६० अंशांना मऊ पडते आणि ७५० वॅटचा दिवा त्याच पेटीत आहे.

जुने चाक काढण्यापूर्वी एक खूण विसरू नये. हे चाक फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकांना, फिल्म खाली खेचणाऱ्या नखाला आणि प्रकाश अडवणाऱ्या पात्याला एका लयीत ठेवते. शाफ्ट आणि शेजारच्या चाकावर सुईने समोरासमोर बारीक ओरखडे काढा आणि जोडताना तेच जुळवा. एक दाता जरी चुकला तरी फिल्म सरकत असतानाच पाते उघडते आणि पडद्यावर पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपटी फुटल्यासारखी दिसते. अशी शेपटी दिसली की भिंग बदलायला धावू नये, खुणा पुन्हा पाहाव्यात.

पट्ट्याचे काम सर्वांत सोपे आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर पॉलियुरेथेनचा गोल दोर मीटरवर मिळतो. जुन्या पट्ट्याची जाडी त्याच्या चिकट अवशेषावर न मोजता पुलीच्या खाचेवर मोजावी, पुलींभोवती दोरा गुंडाळून लांबी काढावी आणि ताणासाठी पाच टक्के कमी कापावी. दोन्ही टोके गरम सुरीच्या पात्याला टेकवून वितळली की एकमेकांवर दाबून मिनिटभर धरावीत. डांबर झालेले रबर पुलीवरून अल्कोहोलने पूर्ण निघाल्याशिवाय नवा पट्टा चढवू नका.

विजेच्या बाबतीत ट्रान्सफॉर्मर दीड के.व्ही.ए.चा, दोन स्वतंत्र वेटोळ्यांचा घ्यावा. स्वस्तातला, एकाच वेटोळ्याचा ऑटो ट्रान्सफॉर्मर नको, कारण त्यातून घरातली वीज थेट यंत्रापर्यंत पोहोचू शकते आणि यंत्राचे अंग धातूचे आहे. आतल्या रबरी वेष्टणाच्या तारा वाकवल्यावर तुकडे पडत असतील तर त्या सर्व बदलाव्यात आणि अंगाला अर्थिंगची तार जोडून तीन पिनांची वायर लावावी. दिव्याजवळच्या तारांवर जुन्या काळी ॲस्बेस्टॉसचे कापडी वेष्टणही असे; पांढुरके तंतू दिसले तर ते खरवडू नये, ओले करून अलगद काढावे. ध्वनिवर्धकाला पहिल्यांदा वीज देताना प्रोजेक्टरचा दिवा आणि मोटर सोडवून ठेवा आणि इलेक्ट्रिशियन मंडळी वापरतात तो १०० वॅटच्या सिरीज बल्बचा बोर्ड ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर बरे. उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे किंवा जुने कपॅसिटर गेले आहेत. कपॅसिटर मी तपासत बसत नाही, सरसकट बदलतो. लॅमिंग्टन रोडवर ते सहज मिळतात.

पाटीवरच्या ‘६० सायकल’ या शब्दांकडे मात्र अनेकांचे दुर्लक्ष होते. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल म्हणजे विजेची सेकंदातली आवर्तने बदलत नाही. आपल्याकडे ती ५० आहे. कार्बन ब्रशची मोटर असेल तर फरक पडत नाही. ब्रश नसलेली, आवर्तनांवर चालणारी इंडक्शन मोटर असेल तर तिचा वेग एक षष्ठांश घटतो, सेकंदाला २४ चौकटींऐवजी (चौकट म्हणजे फिल्मवरचे एक चित्र) २० जातात आणि निवेदक झोपेत बोलल्यासारखा वाटतो. आपल्या शाळेत यंत्र वर्षानुवर्षे चालत होते, त्याअर्थी आयात करणाऱ्याने मोटरची पुली बदलली असणार किंवा दुपदरी पुलीवर पट्टा योग्य खाचेत असणार. म्हणून पट्टा काढताना तो कोणत्या खाचेत होता ते लिहून ठेवा. पुली करायची वेळ आलीच, तर मोटरवरची २० मिलिमीटरची पुली २४ ची करावी लागते. वेग तपासण्यासाठी टाकाऊ फिल्मचा तीन फुटांचा गोल फेरा जोडून त्यावर पांढरी खूण करा. त्यात १२० चौकटी असतात; खूण मिनिटाला बारा वेळा गेली की वेग बरोबर आहे.

७५० वॅटचा दिवा आता नव्याने बनत नाही. जुन्या साठ्यातला मिळाला तर दोन घ्या आणि बैठक तंतोतंत तीच आहे ना हे पाहा, कारण त्या बैठकीवरच दिव्याची तार भिंगाच्या अक्षावर येते. मिळाला नाही तर परावर्तकासह येणारा २४ व्होल्ट, २५० वॅटचा हॅलोजन दिवा बसवता येतो. त्याचा सांकेतिक प्रकार ई.एल.सी.; तो नंतरच्या अनेक १६ मिलिमीटर यंत्रांत होता आणि डी.जे.च्या जुन्या दिव्यांतही वापरला जाई, त्यामुळे रंगमंचाच्या प्रकाशयोजनेचे साहित्य विकणाऱ्यांकडे विचारावे. त्याला दहा अँपिअरहून अधिक वीज लागते, म्हणून होल्डर नवा, चिनी मातीचा आणि तारा जाड हव्यात. मूळ रूप राखण्याचा आग्रह धरणारे या बदलाला नाक मुरडतात. माझे मत असे की यंत्राला नवी भोके न पाडता बदल होत असेल, तर तो करावा आणि जुना होल्डर पिशवीत घालून यंत्रासोबत ठेवावा.

आवाजासाठी आत आणखी एक छोटा दिवा असतो, अनेक यंत्रांत ४ व्होल्ट, ०.७५ अँपिअरचा. तो पेटत असताना प्रकाशाच्या बारीक फटीपुढून कागदाचा कपटा झर्रकन न्यावा. स्पीकरमधून ‘फट्’ असा आवाज आला तर ध्वनीचा सगळा मार्ग जिवंत आहे असे समजावे.

फिल्म जिथे चौकटीपुढे थांबते त्या गेटमध्ये जुन्या फिल्मचा खरवडलेला थर दगडासारखा बसलेला असतो. तो अल्कोहोलने भिजवून आइस्क्रीमच्या लाकडी काडीने काढावा. स्क्रू ड्रायव्हर तिथे नेऊच नये, एक ओरखडा पुढच्या प्रत्येक रिळावर रेघ ओढतो. भिंगावर बुरशीचे जाळे असेल आणि ते आतल्या बाजूला असेल, तर कॅमेऱ्याची भिंगे साफ करणाऱ्याकडे द्यावे. सगळे जुळल्यावर तोच टाकाऊ फेरा अर्धा तास फिरवा, थांबवा आणि छिद्रांच्या कडा भिंगाखाली पाहा. कडा शाबूत असतील तरच खरे रीळ.

एवढे करूनही भाग अडले, तर चोर बाजारात मटन स्ट्रीटवर त्याच बनावटीचे दुसरे बंद यंत्र शोधणे हा मार्ग उरतो. तिथे दिवा लागतो की नाही हे पाहू नका. भिंग, हाताची मूठ आणि नख पाहा. तेवढे चांगले असेल तर बाकी यंत्र फुकट गेले असे समजून भाव करावा.

प्रश्न : आजोबांच्या कपाटात ८ मिलिमीटरची सात रिळे आणि एक प्रोजेक्टर सापडला. चार रिळे चालतात असे वाटते, तीन सारखी अडकतात. प्रोजेक्टर बिघडला आहे का?
— एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई

उत्तर : बहुधा नाही, रिळे दोन जातींची असावीत आणि जोराने चालवणे आजच थांबवावे. ८ मिलिमीटरची जुनी जात १९३२ ची, सुपर ८ ही १९६५ ची. रुंदी एकच असल्याने नजरचूक होते. फिल्म उजेडात धरा. जुन्या जातीत छिद्रे मोठी आणि दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर असतात; सुपर ८ मध्ये ती लहान आणि चौकटीच्या मध्याशी असतात. काही प्रोजेक्टर दोन्ही चालवतात, त्यांच्यावर त्यासाठी स्वतंत्र खटका असतो. तसा खटका नसेल तर ती तीन रिळे या यंत्राची नाहीत. अडकताना फाटलेली छिद्रे सेलोटेपने जोडू नका; त्याचा डिंक शेजारच्या वेटोळ्यांना चिकटतो. फिल्म जोडण्यासाठीचीच चिकटपट्टी वापरावी.

प्रश्न : बंद पडलेल्या एका चित्रपटगृहातून आमच्या महाविद्यालयाने ३५ मिलिमीटरचे यंत्र घेतले आहे. दिव्याच्या पेटीत कार्बनच्या कांड्यांचे धरक आहेत. दर्शनी दालनात ठेवून ते प्रत्यक्ष चालवावे, अशी विद्यार्थ्यांची इच्छा आहे.
— एक प्राध्यापिका, बेलापूर, नवी मुंबई

उत्तर : दिवा पेटवू नये, यंत्र फिरवावे. कार्बनच्या दोन कांड्यांमधल्या ज्योतीसाठी वीज एकाच दिशेने वाहती करणारा मोठा रेक्टिफायर, धूर बाहेर नेणारे धुरांडे आणि कांड्या जळून आखूड होत असताना त्यांतले अंतर सतत सांभाळणारा ऑपरेटर, हे सगळे लागते. शिवाय त्या उजेडात अतिनील किरण असतात. दर्शनी दालनात यातले काहीही शक्य नाही. यंत्रासोबत दुसरी, झेनॉन दिव्याची पेटी आली असेल तर ती स्वतः उघडू नका, कारण त्या दिव्यात थंड असतानाही वायू मोठ्या दाबाखाली असतो. जुन्या फिल्मचे तुकडे सापडले तर तेही बाजूला काढून तज्ज्ञाला दाखवावेत; १९५० च्या सुमारापर्यंतच्या ३५ मिलिमीटर फिल्ममध्ये नायट्रेट असू शकते. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी त्याबाबत पत्रव्यवहार करता येईल.

विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगी खरी गोष्ट दिव्यात नाहीच, ती गेटखालच्या तेलाच्या डबीत आहे. तिच्यात चार खाचांचा माल्टीज क्रॉस असतो. एका चाकावरची खुंटी सेकंदाला चोवीस वेळा येऊन त्याच्या खाचेत शिरते आणि त्याला बरोबर पाव फेरी देते. त्याच दांड्यावरचे सोळा दात्यांचे चाक चार दाते सरकते, फिल्म चार छिद्रे, म्हणजे नेमकी एक चौकट खाली येते. खुंटीच्या एका फेरीतला पाव वेळ फिल्म हलते आणि पाऊण वेळ स्थिर उभी असते. मूठ हाताने हळू फिरवली तर हा धक्का आणि थांबा उघड्या डोळ्यांना दिसतो, आणि पाते हलत्या फिल्मवर एकदा व स्थिर फिल्मवर आणखी एकदा कसे येते, तेही दिसते. त्यामुळेच २४ चौकटींचा पडद्यावर ४८ वेळा उजेड पडतो आणि लुकलुक जाणवत नाही. डबीच्या काचेतून तेलाची पातळी पाहावी, जुने तेल काढून तिथे योग्य जाडीचे नवे घालावे आणि मगच मूठ विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. मोटर जोडायची असेल तर वेग कमी ठेवता येईल अशी छोटी गिअर मोटर जोडावी. पूर्ण वेगाने फिरणारा क्रॉस डोळ्यांना नुसता धूसर दिसतो.